मूत्रपिंडातले तंतू आणि मद्रासचा क्षय

रोगाच्या प्रकारांची यादी प्रयोगशाळेत तयार होते, असे आपण गृहीत धरतो. मूत्रपिंडाच्या अमायलॉइडोसिसच्या बाबतीत ही समजूत अर्धीच टिकते. या आजाराचे प्रकार शोधायला आयोडिन लागले, कापड रंगवायचा रंग लागला, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागला आणि अलीकडे प्रथिनांच्या तुकड्यांचे वजन करणारी यंत्रे लागली, हे खरे. पण समोरच्या रुग्णाला त्यातल्या कोणत्या प्रकारात बसवायचे, हे विसाव्या शतकात बराच काळ त्याच्या वस्तीत कोणते रोग मुक्काम ठोकून आहेत यावरूनच ठरत असे. मद्रासचे उदाहरण यासाठी बोलके आहे. पार्थसारथी मंदिर, वालाजा मशीद आणि मरीना किनारा यांच्या बेचक्यात दाटलेल्या तिरुवल्लिकेणीसारख्या वस्त्यांत क्षय हा परका आजार नव्हता. अशा शहरात पाय सुजलेला, फेसाळ लघवीची तक्रार सांगणारा जुना क्षयरोगी दवाखान्यात आला, की डॉक्टरला फार डोके खाजवावे लागत नसे. क्षयामुळे झालेला ‘दुय्यम’ अमायलॉइडोसिस, हे अनुमान बहुतेक वेळा बरोबर येई. १९५६ पासून याच शहरात क्षयावर जो प्रयोग झाला, त्याने या सोप्या अनुमानाच्या पायाखालची वाळू सरकवली, असे माझे म्हणणे आहे. आणि म्हणूनच, तंतू कोणत्या प्रथिनाचे आहेत हे पाहून प्रकार ठरवण्याची आजची पद्धत ही श्रीमंत देशांची चैन आहे, हा आपल्याकडे अधूनमधून ऐकू येणारा आक्षेप मला मान्य नाही.

आधी आजार समजून घेऊ. शरीरातले प्रत्येक प्रथिन एका ठरावीक घडीत राहून आपले काम करते. काही प्रथिनांची घडी बिघडते, मग त्यांचे रेणू एकमेकांना ओळीने चिकटतात आणि न विरघळणारे, सरळसोट, फाटे नसलेले तंतू तयार होतात. हे तंतू पेशींच्या मधल्या जागेत साठत जातात. हृदयात साठले तर हृदय ताठरते, नसांत साठले तर हातापायांना बधिरपणा येतो. मूत्रपिंडात ते बहुधा रक्त गाळणाऱ्या केशवाहिन्यांच्या गुच्छांत साठतात. एकेका मूत्रपिंडात असे सुमारे दहा लाख गुच्छ असतात. त्यांची चाळण बिघडली, की रक्तातले अल्ब्युमिन लघवीवाटे वाहून जाऊ लागते, लघवीला फेस येतो, डोळ्यांखाली आणि घोट्यांवर सूज दिसते आणि काही वर्षांत, कधी काही महिन्यांतच, मूत्रपिंडे काम सोडतात. अडचण अशी, की तंतू कोणत्याही प्रथिनाचे असोत, सूक्ष्मदर्शकाखाली ते जवळपास सारखेच दिसतात. वर्गवारीचा सगळा इतिहास या सारखेपणाशी झालेल्या झटापटीचा आहे.

एकोणिसाव्या शतकाने विचारलेला प्रश्न होता: हे दिसते कसे? १८४२ साली व्हिएन्नात रोकिटान्स्कीने क्षय, उपदंश अशा लांबलेल्या आजारांनी मेलेल्या माणसांच्या यकृतात आणि इतर अवयवांत चरबीसारखा चमकणारा, घट्ट बदल नोंदवला. कुणी त्याला मेणचट म्हटले, कुणी चरबट. १८५४ मध्ये रुडॉल्फ फिर्खोने या पदार्थावर आयोडिन आणि मग गंधकाम्ल टाकले. रंग बदलला, वनस्पतींतल्या स्टार्चसारखा. त्यावरून त्याने त्याला ‘अमायलॉइड’ म्हटले. पाच वर्षांनी, १८५९ साली, फ्रीडराइख आणि केकुले यांनी रासायनिक पृथक्करण करून दाखवले, की यात स्टार्च नाहीच, हा नायट्रोजन असलेला प्रथिनासारखा पदार्थ आहे. नाव मात्र रुळले ते रुळलेच. दरम्यान १८५६ मध्ये लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधल्या सॅम्युअल विल्क्सने अशा रुग्णांची माहिती छापली. त्यात एक रुग्ण असा होता, की ज्याला क्षय नव्हता, उपदंश नव्हता, हाडाची जुनी जखमही नव्हती. पुढच्या शंभर वर्षांच्या वादाचे बीज त्या एका रुग्णात होते, पण तेव्हा कुणाचे तिकडे फारसे लक्ष गेले नाही.

मग आला काँगो रेड. १८८४ मध्ये जर्मनीत तयार झालेला हा सुती कापडाचा रंग. आफ्रिकेची वाटणी करायला युरोपची राष्ट्रे बर्लिनमध्ये जमली होती आणि काँगोचे नाव वर्तमानपत्रांत रोज झळकत होते, त्या दिवसांत तो बाजारात आला. विक्रीसाठी नाव चांगले होते, एवढाच त्याचा काँगोशी संबंध. १९२२ साली बेनहोल्डला आढळले, की हा रंग अमायलॉइडला चिकटून बसतो. त्याने तो रुग्णांच्या शिरेत टोचून तो रक्तातून किती वेगाने नाहीसा होतो हे पाहण्याची चाचणीसुद्धा काढली. १९२७ मध्ये बेल्जियममध्ये दिव्री आणि फ्लोर्किन यांनी रंगवलेला काप ध्रुवीकृत प्रकाशात पाहिला, तेव्हा अमायलॉइडच्या जागा हिरव्या चमकल्या. ती हिरवी चमक आजही निदानाची कसोटी आहे. शंभर वर्षांत सूक्ष्मदर्शकाच्या दुनियेत इतके काही बदलले, पण एका कापडरंगाला हटवणे कुणाला जमलेले नाही. मात्र काँगो रेड सांगतो ते एवढेच, की अमायलॉइड आहे. कोणते आहे, याबद्दल तो मौन पाळतो.

या मौनामुळे डॉक्टरांनी दुसरा प्रश्न विचारायला घेतला: रुग्णाला याआधी काय झाले होते? १९३५ साली अमेरिकेत रायमन आणि सहकाऱ्यांनी या प्रश्नाला व्यवस्थित रूप दिले. आधीचा कोणताही आजार सापडत नसेल तर प्राथमिक, जुना जंतुसंसर्ग किंवा दाह असेल तर दुय्यम, गाठीच्या रूपात असेल तर वेगळा, आणि हाडातल्या मगजाच्या मायलोमा नावाच्या कर्करोगासोबत आला तर आणखी वेगळा. ही वर्गवारी पुढे निदान चाळीस वर्षे पाठ्यपुस्तकांत राहिली. आज तिला नावे ठेवणे सोपे आहे. पण तिच्यात एक खरा गुण होता, तो असा, की ती रुग्णाला त्याच्या आयुष्यासकट पाहत होती. दुय्यम अमायलॉइडोसिसचे रुग्ण कुठे जास्त सापडतात याचा नकाशा काढला असता, तर तो कोंदट घरे, वाहत राहिलेल्या हाडांच्या जखमा आणि न भरलेली फुफ्फुसे यांचाच नकाशा झाला असता. तिचा दोषही तिथेच होता. आधी झालेली गोष्ट हेच कारण, असे ती धरून चालत होती. आणि ज्या शहरात ती आधीची गोष्ट निम्म्या घरांत आढळते, तिथे हे गृहीतक तपासून पाहण्याचे कारण कुणालाच पडत नाही.

क्षयाचा शिक्का किती सहज बसे, याचे एक उदाहरण तिरुवल्लिकेणीतलेच आहे, जरी ते अमायलॉइडचे नाही. श्रीनिवास रामानुजन १९१३ मध्ये तिथल्या हनुमंतरायन कोविल स्ट्रीटवर राहत होते. १९१४ च्या मार्चमध्ये ते इंग्लंडला निघाले, तिथे १९१७ पासून सतत आजारी पडले आणि ज्या सॅनेटोरियमांत त्यांना ठेवण्यात आले त्यांत सॉमरसेटमधल्या मेंडिप टेकड्यांवरचे एक होते. ते चालवणारे डॉक्टर चौरी मुथु मूळचे दक्षिण भारतातले, क्षयाचे नावाजलेले तज्ज्ञ. रामानुजन यांच्या आजाराची वेगवेगळी निदाने झाली, पण शेवटी जनमानसात उरला तो क्षय. २६ एप्रिल १९२० रोजी मद्रासच्या चेतपेट भागात त्यांचे निधन झाले. १९९४ साली डी. ए. बी. यंग यांनी उपलब्ध कागदपत्रे तपासून असे मत मांडले, की लक्षणे क्षयापेक्षा यकृतातल्या अमीबाच्या संसर्गाशी अधिक जुळतात, आणि तो आजार त्या काळीही बरा करता येण्याजोगा होता. यंग यांचे म्हणणे सिद्ध झाले असे मी म्हणत नाही. मेलेल्या माणसाचे निदान कागदावरून करण्याला मर्यादा असतात. पण मुद्दा टिकतो. भारतातून आलेला, कृश, ताप येणारा तरुण दिसला की डॉक्टरांच्या मनात कोणता शब्द आधी उमटत असे, हे त्यावरून कळते.

चौरी मुथु यांनी पुढे १९२८ मध्ये मद्रासजवळ तांबरमला सॅनेटोरियम उभारले आणि १९३७ मध्ये ते सरकारकडे गेले. मोकळी हवा, विश्रांती, सकस आहार: क्षयावर एवढेच हातात होते. १९४० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन आले, मग पीएएस, आणि १९५२ मध्ये स्वस्त आयसोनियाझिड. औषधे आली तरी खाटा कुठून आणायच्या, हा प्रश्न होताच. भारतातल्या क्षयरोग्यांच्या मानाने सॅनेटोरियमच्या खाटा इतक्या तुटपुंज्या होत्या, की रांगेतच माणसे दगावत. म्हणून १९५६ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यक संशोधन परिषद यांनी मिळून मद्रासला क्षयरोग रसायनोपचार केंद्र काढले. वॉलेस फॉक्स हे त्याचे पहिले प्रमुख शास्त्रज्ञ. तीच संस्था आज चेतपेटला राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते.

प्रयोगाचा प्रश्न साधा होता. शहरातल्या गरीब वस्त्यांतल्या क्षयरोग्याला त्याच्या घरीच ठेवून गोळ्या दिल्या, तर तो सॅनेटोरियममधल्या रुग्णाइतका बरा होईल का? १९३ रुग्ण चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटले. दोन्ही गटांना वर्षभर आयसोनियाझिड आणि पीएएस. घरी राहिलेल्यांचे जेवण निकृष्ट होते, खोली एकच होती, विश्रांती नावालाच. तरी वर्षाअखेर त्यांच्यातल्या ८६ टक्क्यांचा आजार जंतूंच्या तपासणीत शांत झाला होता, सॅनेटोरियममध्ये हा आकडा ९२ होता. फरक होता, पण शतकभर जोपासलेली सॅनेटोरियमची कल्पना त्यावर टिकणारी नव्हती. घरातल्या इतरांना संसर्गाचा धोकाही वाढला नव्हता. १९५९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभर क्षयाच्या उपचाराची दिशा बदलली. आपल्या देशातल्या वैद्यक संशोधनाचा इतका दूरवर परिणाम क्वचितच झाला असेल, आणि शालेय पुस्तकांत त्याला दोन ओळीही मिळत नाहीत, हे नवलच.

या प्रयोगात मूत्रपिंडातले अमायलॉइड मोजलेले नव्हते, असा रास्त आक्षेप इथे घेता येईल. मग मी त्याचा संबंध मूत्रपिंडाशी कसा लावतो? त्यासाठी दोन पुरावे जोडावे लागतात. पहिला जीवरसायनाचा. लांबलेल्या दाहात यकृत सीरम अमायलॉइड ए नावाचे प्रथिन रक्तात सोडते, कधी नेहमीच्या हजारपट. वर्षानुवर्षे हे चालू राहिले की काही माणसांत त्या प्रथिनाचे तंतू साठू लागतात. दाह थांबला की कच्चा माल थांबतो. दुसरा पुरावा इस्रायलचा. तिथे भूमध्य समुद्राभोवतीच्या लोकांत चालत आलेला एक आनुवंशिक ताप आहे, त्यात दाहाचे झटके येतात आणि मूत्रपिंडे अमायलॉइडने निकामी होतात. १९७२ मध्ये कोल्चिसीन हे गाउटचे जुने औषध त्यावर चालते असे लक्षात आले. १९८६ मध्ये झेमर आणि सहकाऱ्यांनी हजाराहून अधिक रुग्णांचा हिशेब मांडला: सुरुवातीला अमायलॉइड नसलेल्या ९६० जणांपैकी ज्यांनी औषध नियमित घेतले त्यांतल्या फक्त ४ जणांच्या लघवीत पुढे प्रथिन आले, आणि औषध टाळल्याचे कबूल केलेल्या ५४ जणांपैकी १६ जणांच्या. दाह आटोक्यात ठेवला तर मूत्रपिंड वाचते, याहून स्पष्ट कसे सांगणार? क्षय वर्षाच्या आत शांत करणारा उपचार घरोघर पोचला, की क्षयातून येणाऱ्या अमायलॉइडचा झरा आटत जाणार, हे त्यातून सरळ निघते.

कुष्ठरोगाचीही हीच गोष्ट आहे, थोड्या वळणाने. अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिलच्या कुष्ठालयात १९५५ साली ५० शवविच्छेदनांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात जवळपास निम्म्या मृतांत अमायलॉइड सापडले. भारतातल्या कुष्ठरुग्णांत ते प्रमाण त्यापेक्षा बरेच कमी नोंदले गेले. रोग एकच असून असा फरक का, याचे एक उत्तर १९७५ मध्ये मिळाले: या रोगात अधूनमधून उसळणाऱ्या तापाच्या आणि गाठींच्या झटक्यांत सीरम अमायलॉइड ए वाढते. ज्यांना झटके जास्त, त्यांना धोका जास्त. म्हणजे ‘कुष्ठरोगातला दुय्यम अमायलॉइडोसिस’ हे नावसुद्धा ढोबळच ठरते, कारण रोगाच्या नावापेक्षा रोग किती काळ आणि किती जोराने धगधगला याला महत्त्व आहे. महाराष्ट्रात वर्ध्याच्या गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनने १९५० च्या दशकात पाहणी, शिक्षण आणि उपचार अशी तिपेडी पद्धत रुजवली, रुग्णाला वसाहतीत डांबण्याऐवजी गावातच डॅप्सोन पोचवले. मद्रासच्या प्रयोगाशी तिचे नाते उघड आहे. दोन्हीकडे उपचार रुग्णाच्या दारात नेला गेला.

इकडे हे चालू असताना प्रयोगशाळेत तिसरा प्रश्न आकार घेत होता: हे तंतू कशाचे बनले आहेत? त्याची मुळे जुनी आहेत. १८४५ साली लंडनच्या एका आजारी व्यापाऱ्याची लघवी हेन्री बेन्स जोन्सकडे तपासायला आली. तापवली की गढूळ होणारी आणि उकळली की पुन्हा स्वच्छ होणारी. त्यात एक विचित्र प्रथिन होते. १९३१ मध्ये माग्नुस-लेव्हीने असा तर्क केला, की मायलोमाच्या रुग्णांतले अमायलॉइड याच प्रथिनापासून येत असावे. त्याच्याकडे पुरावा थोडा होता आणि तो बरोबर निघाला. १९५१ मध्ये कोपनहेगनला इव्हर्सन आणि ब्रुन यांनी जिवंत माणसाच्या मूत्रपिंडाचा तुकडा सुईने काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तोवर मूत्रपिंडातले अमायलॉइड बहुधा शवविच्छेदनाच्या टेबलावरच भेटत असे, आता ते रुग्णाच्या हयातीत, उपचाराला वेळ असताना दिसू लागले. १९५९ मध्ये बॉस्टनच्या कोहेन आणि कॅल्किन्स यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तंतू दाखवले. १९६२ मध्ये कळले, की बेन्स जोन्सचे प्रथिन म्हणजे प्रतिपिंडांची लाइट चेन, म्हणजे त्यांतला लहान दुवा. १९७१ मध्ये जॉर्ज ग्लेनर आणि सहकाऱ्यांनी ‘प्राथमिक’ अमायलॉइडच्या तंतूंतली अमिनो आम्लांची ओळ वाचली आणि ती लाइट चेनशी जुळली. त्याच सुमारास बेन्डिट आणि एरिकसन यांना, आणि १९७२ मध्ये लेव्हिन, प्रास, फ्रँकलिन यांच्या गटाला, ‘दुय्यम’ अमायलॉइडमध्ये सर्वस्वी वेगळे प्रथिन सापडले. पहिल्याला एएल म्हणू लागले, दुसऱ्याला एए. पुढे यादी वाढतच गेली. डायलिसिसवर वर्षानुवर्षे असलेल्या रुग्णांच्या सांध्यांतले बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन १९८५ मध्ये, आनुवंशिक लायसोझाइम आणि फायब्रिनोजेन १९९३ मध्ये. आज माणसात अमायलॉइड होऊ शकणारी चाळीसहून अधिक प्रथिने माहीत आहेत, त्यांतली साधारण डझनभर मूत्रपिंडाला गाठतात.

हा तिसरा प्रश्न का जिंकला? तो अधिक शास्त्रीय होता म्हणून, हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. तो जिंकला तो उपचारामुळे. एएल प्रकारात हाडाच्या मगजातल्या बहकलेल्या पेशींचे एक कूळ लाइट चेन ओतत असते, म्हणून त्या पेशींवर केमोथेरपी चालवावी लागते: पूर्वी मेल्फॅलान, पुढे बोर्टेझोमिब, आणि २०२१ पासून डॅराट्युम्युमॅब. एए प्रकारात दाहाचे मूळ शोधून ते विझवायचे असते. दोन्हींची अदलाबदल झाली तर परिणाम भयंकर. क्षय अजून धुमसत असलेल्या एए रुग्णाला एएल समजून स्टेरॉइड आणि केमोथेरपी दिली, तर क्षय उफाळेल. उलट, हृदयात तंतू पोचलेल्या एएल रुग्णाला जुन्या क्षयाच्या खुणेवरून सहा महिने क्षयाच्याच गोळ्या दिल्या, तर तेवढ्या काळात तो हातचा जाईल.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. एखादी खूण निदानाला किती उपयोगी पडते, हे त्या खुणेमागचा आजार समाजात किती आहे यावर अवलंबून असते. न बरा झालेला क्षय सर्रास होता, तेव्हा क्षय अधिक फेसाळ लघवी म्हणजे एए, हे समीकरण चालले. चंदीगडच्या चुघ आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मूत्रपिंडाच्या अमायलॉइडोसिसचा भारतीय नमुना मांडला, त्यातही दुय्यम प्रकार बहुसंख्य आणि त्यात क्षय सर्वांत पुढे होता. समीकरण त्या काळाचे प्रामाणिक वर्णन होते. पण क्षय वेळेवर बरा होऊ लागला, की दोन गोष्टी एकदम घडतात. छातीच्या चित्रात जुने व्रण उरतात, पण त्यामागचा वर्षानुवर्षांचा दाह उरत नाही. आणि माणसे त्या वयापर्यंत जगतात, ज्या वयात मगजातल्या पेशी बहकतात. तिरुवल्लिकेणीतल्या पासष्ट वर्षांच्या आजोबांच्या फुफ्फुसावर चाळिशीतला भरलेला व्रण असणे यात आज काहीच विशेष नाही. तो व्रण त्यांच्या मूत्रपिंडाबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. जुनी वर्गवारी मात्र त्याच व्रणाला साक्षीला बोलावत राहते.

यावर कुणी म्हणेल, मग दुसऱ्या बाजूची खूण पाहा, रक्तात एकाच कुळाचे प्रतिपिंड सापडले तर एएल समजा. पण ही साक्षही कच्ची आहे. मिनेसोटातल्या एका पाहणीत पन्नाशी ओलांडलेल्या ३.२ टक्के लोकांत असे प्रतिपिंड सापडले, आणि त्यांतल्या बहुतेकांना काहीच आजार नव्हता. २००२ मध्ये लंडनच्या लाखमन आणि सहकाऱ्यांनी एएल म्हणून गणलेल्या ३५० रुग्णांची जनुकीय तपासणी केली. ३४ जणांत, म्हणजे जवळपास दहा टक्क्यांत, खरा आजार आनुवंशिक निघाला, आणि त्यातल्या ८ जणांच्या रक्तात दिशाभूल करणारे ते प्रतिपिंडही होते. या लोकांना केमोथेरपीचा काडीचाही उपयोग नव्हता. परिस्थितिजन्य पुरावा एका बाजूने फसवतो तसाच दुसऱ्या बाजूनेही. साक्ष तंतूंचीच घ्यायला हवी.

पण खर्चाचे काय? हा आक्षेप मी हलका समजत नाही. १९७७ मध्ये राइट आणि सहकाऱ्यांनी पोटॅशियम परमँगनेटची युक्ती काढली. कापावर ते टाकले की एए अमायलॉइड काँगो रेड धरत नाही, एएल धरते. विहिरीत टाकायचे तेच रसायन, किंमत नगण्य. अशी युक्ती स्वस्त प्रयोगशाळांना हवीहवीशी वाटणारच. दुर्दैवाने ती अविश्वसनीय ठरली. तिची जागा प्रतिपिंडांच्या रंगांनी घेतली, एएसाठी एक, लाइट चेनच्या कप्पा आणि लॅम्डा या दोन जातींसाठी दोन. त्यातूनही उत्तर न मिळालेल्यांसाठी २००९ पासून एक पद्धत रुळली: कापातली काँगो रेडने रंगलेली जागा लेसरने कापून काढायची आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीने त्यातली प्रथिने मोजायची. यंत्र महाग आहे, पण ते प्रत्येक जिल्ह्यात असण्याची गरज नाही. मेणात बसवलेला बायोप्सीचा ठोकळा टपालाने जाऊ शकतो. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातल्या आनंद दाते आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये २,८२७ रुग्णांच्या मूत्रपिंडविकारांचा बायोप्सींसह आढावा प्रसिद्ध केला होता. तामिळनाडूत सुई चालवायला आणि काप वाचायला शिकलेली माणसे तेव्हापासून आहेत. शिवाय चुकीच्या प्रकाराला दिलेल्या केमोथेरपीचे बिल कुणी कधी मांडतो का? खर्चाच्या वादात ते नेहमी राहून जाते.

याहून वजनदार आक्षेप वेगळा आहे. एए म्हटले, प्रथिन कळले, पण हाती काय लागले? क्षय, कुष्ठरोग, संधिवात, भूमध्य ताप, फुफ्फुसात साचलेला जुना पू, सगळ्यांत तेच प्रथिन. उपचारासाठी डॉक्टरला पुन्हा १९३५ चाच प्रश्न विचारावा लागतो, की आधी काय झाले होते. हा आक्षेप खरा आहे आणि तो मी पूर्ण मान्य करतो. मी जुना प्रश्न मोडीत काढत नाही, त्याची जागा बदलावी एवढेच म्हणतो. आधी तंतूंना विचारायचे, मग माणसाला. हा क्रम उलटा होता तोवर क्षयाची जुनी गोष्ट ऐकून डॉक्टरचे कान बंद होत. क्रम सुलटा झाला, की एए सिद्ध झालेल्या माणसाच्या बाबतीत तोच डॉक्टर अधिक नेटाने मूळ शोधतो, कारण मूळ असलेच पाहिजे हे आता त्याला ठाऊक असते. जगातल्या क्षयाचा सुमारे चौथा वाटा आजही भारतात आहे. त्यामुळे शोध बऱ्याचदा क्षयापाशीच थांबेल, पण तो शोधून थांबलेला असेल.

शेवटचा आक्षेप असा, की चाळीस नावांचा हा पसारा कशासाठी, जेव्हा त्यातल्या अनेकांवर औषधच नाही? अमेरिकेत मेयो क्लिनिकने २०१३ मध्ये मूत्रपिंडाच्या अमायलॉइडच्या ४७४ रुग्णांचा आढावा घेतला. सुमारे ८६ टक्के प्रतिपिंडांपासून झालेले, एए फक्त ७ टक्के, बाकीचे किरकोळ. किरकोळांसाठी एवढी धडपड का? याचे उत्तर त्या किरकोळांतल्याच एका प्रकारात आहे. २००८ मध्ये इंडियानापोलिसच्या मेरिल बेन्सन यांनी एका रुग्णाच्या मूत्रपिंडात लेक्ट-२ नावाच्या प्रथिनाचे तंतू शोधले. पुढे लक्षात आले, की हा प्रकार अमेरिकेत मेक्सिकन वंशाच्या लोकांत वारंवार आढळतो, आणि दक्षिण आशियात पंजाबी लोकांत. रुग्ण बहुधा उतारवयातला, मूत्रपिंडे सावकाश मंदावत गेलेली, लघवीतून प्रथिन कधी फारसे नाहीच, हृदय सहसा ठीक. म्हणजे त्याला एएल ठरवून केमोथेरपीच्या वाटेला लावण्याची, किंवा बायोप्सीच न करता ‘वय झाले’ म्हणून सोडून देण्याची, पूर्ण सोय. त्याच्यावर खास औषध आजही नाही. पण आजार संथ असतो आणि मूत्रपिंड निकामी झालेच तर प्रत्यारोपण चांगले चालते. चेन्नईत असो वा नांदेडमध्ये, अशा रुग्णाला विषारी औषधांपासून दूर ठेवून वेळेवर प्रत्यारोपणाच्या यादीत घालायचे, तर त्याच्या तंतूंचे नाव माहीत असावेच लागते.